एकातही कुणी जेवलं नाही

“एवढी भांडी, आणि एकातही कुणी जेवलं नाही?”

आई एवढंच म्हणाली आणि पुढच्या काचेकडे निघून गेली. मी मात्र तिथेच अडकले. सिंगापूरला धाकट्या भावाकडे गेलो होतो, दुपारी तिथला तो धो धो पाऊस सुरू झाला म्हणून नदीकाठच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्यूझियममध्ये शिरलो, तर आत एक आख्खी गॅलरी एका बुडालेल्या जहाजाची. बाहेरच्या दमट उकाड्यातून एकदम एसीत आल्यामुळे अंगावर काटा, मंद लाईट, आणि समोर वाडगेच वाडगे. लग्नाच्या मांडवामागे द्रोणांच्या चळती लावून ठेवतात ना, तसे. ओंजळीत मावेल एवढा एकेक, पंधरा सेंटिमीटरच्या आसपास रुंद, मातकट पिवळसर, आणि आत तपकिरी-हिरव्या रंगात दोन-चार फटकाऱ्यांत काढलेलं चित्र. मासा, पक्षी, कमळ, ढग, कुठे नुसतीच वळणं. काठावर चार बाजूंना चार तपकिरी डाग, म्हणजे वाडगा हातात धरून चार वेळा रंगात बुडवलेला स्पष्ट कळतो. एकही चित्र दुसऱ्यासारखं तंतोतंत नाही, आणि तरीही सगळी एकाच हाताच्या सवयीतली वाटतात. तासाला किती वाडगे रंगवत असेल तो माणूस, किंवा ती बाई, हा पहिला विचार आला. दुसरा विचार आईच्या वाक्याचा, आणि तो अजून गेलेला नाही.

हे जहाज सापडलं १९९८ साली, इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ, समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव, गोळा करणाऱ्या पाणबुड्यांना. फक्त सतरा मीटर पाण्याखाली. आत साधारण साठ हजार वस्तू, आणि त्यातले बहुतेक सगळे हे वाडगे, चीनच्या हुनान प्रांतात चांगशा शहराजवळच्या भट्ट्यांमध्ये भाजलेले. मोठमोठ्या हिरवट रांजणांमध्ये ते गोल गोल वळणात एकावर एक रचून ठेवले होते, एका रांजणात शंभरेक सहज. म्हणून तर टिकले. साडेअकराशे वर्षांहून जास्त काळ खाऱ्या पाण्यात राहिले आणि बाहेर काढल्यावर कितीतरी वाडग्यांची झिलई अजून चकाकते आहे, इतकी की वाकून बघितलं तर छतावरचा दिवा त्यात दिसतो.

एका वाडग्यावर तारीख कोरली आहे. बाओली राजवटीचं दुसरं वर्ष, सातवा महिना, सोळावा दिवस. आपल्या हिशेबानं इ.स. ८२६. तेव्हा चीनच्या गादीवर जिंगझोंग नावाचा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा होता, चेंडू खेळण्यात आणि रात्री-अपरात्री शिकारीला जाण्यात रमलेला, आणि त्याच हिवाळ्यात राजवाड्यातल्या माणसांनीच त्याला मारलं. हुनानमधल्या कुंभाराला यातलं काहीच माहीत असायचं कारण नाही. त्यानं ओल्या मातीवर काडीनं तारीख ओढली, वाडगा भट्टीत गेला, आणि आज जगभरचे अभ्यासक ह्या जहाजाचा काळ ठरवतात तो त्या काडीच्या ओरखड्यावरून.

चीनच्या जुन्या व्यापाराचं चित्र माझ्या डोक्यात शाळेपासून एकच होतं. उंटांची रांग, वाळवंट, रेशमाचे तागे, मागे मावळता सूर्य. हा रस्ता होताच, खोटा नाही, पण ह्या वाडग्यांच्या काळात तो फार खडतर झाला होता. ७५५ साली आन लुशान नावाच्या सेनापतीनं बंड केलं, आठ वर्षं उत्तर चीन जळत राहिला, सरहद्दीवरच्या फौजा माघारी बोलवाव्या लागल्या आणि पश्चिमेकडे जाणारा तो चिंचोळा पट्टा तिबेटी राजांच्या हातात गेला. उत्तरेतली माणसं जीव घेऊन दक्षिणेला पळाली, त्यात कारागीरही आले. चांगशाजवळ शियांग नदीच्या काठावर माती होती, लाकूड होतं, आणि मुख्य म्हणजे नदी होती, कारण मातीची भांडी उंटावर लादून हजार कोस नेणं म्हणजे निम्मा माल वाटेतच गमावणं. होडीत ती निवांत बसतात. शियांगमधून यांगत्सीत, यांगत्सीतून यांगझोऊला, किंवा दक्षिणेला ग्वांगझोऊला, आणि तिथून समुद्र.

ह्या भट्ट्यांबद्दल वाचताना मी सगळ्यात जास्त थांबले ती एका वाडग्यापाशी. त्यावर चक्क जाहिरात आहे. हुनान, शिजू गाव, तिथले नावाजलेले वाडगे, फान घराण्याची खूण, असा साधारण मजकूर. म्हणजे शेजारी दुसऱ्याही भट्ट्या असणार, चढाओढ असणार, आणि फान मंडळींना आपला माल आपलाच म्हणून ओळखला जावा असं वाटत असणार. पण हा वाडगा चालला होता बगदादच्या बाजूला! तिथे चिनी अक्षरं वाचणारं कोण बसलं होतं? तरीही लिहिलं. मला ते फार माणसासारखं वाटलं. आपलं नाव जिथे कुणाला वाचता येणार नाही तिथेही ते गेलं पाहिजे, ही इच्छा. सम्राटांची नावं इतिहासात राहतातच, त्यांच्यासाठी पगारी लेखक असतात, फान घराण्याला मात्र हा एक वाडगा पुरला.

आणि बाकीच्या हजारो वाडग्यांवर काय काढायचं हे कुणी ठरवलं? काहींवर अरबी लिपीसारखी दिसणारी वळणं आहेत, लिहिणाऱ्याला वाचता न येणारी, नुसती बघून काढलेली. एकावर कुरळ्या केसांचा परदेशी माणूस आहे. चांगशाच्या भट्ट्यांमध्ये देशातल्या गिऱ्हाइकांसाठी सुरयांवर प्रेमाच्या, विरहाच्या, दारूच्या कविता लिहायचे, आणि परदेशी मालावर मात्र ही वळणं, हे मासे, ही पानंफुलं. कुणीतरी बंदरातून वरती नदीकाठी निरोप धाडला असणार की तिकडच्या लोकांना हे आवडतं, ते आवडत नाही. तो निरोप घेऊन जाणारा दलाल मला दिसतो, अर्धवट दोन भाषा बोलणारा, हातवारे करून समजावणारा. आज आपण गणपतीत दिव्यांच्या माळा घेताना ‘चायना माल’ म्हणून नाक मुरडतो आणि घेतोही, आणि ती माळ बनवणाऱ्या कामगाराला आपला गणपती काय हे माहीत नसताना त्यानं बरोबर आपल्याला आवडेल असा रंग दिलेला असतो. हे काही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं नाही. नवव्या शतकात हुनानच्या खेड्यात बसून कुणीतरी इराकमधल्या बसऱ्याच्या घरातलं जेवण डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होतं.

न भेटलेल्या माणसाची आवड ओळखायची. मला वाटतं सगळ्या व्यापाराच्या मुळाशी हे आहे.

हे दुसऱ्या बाजूनंही चाललं होतं, आणि तो भाग मला जास्त आवडतो. ह्याच जहाजात तीन निळ्या-पांढऱ्या ताटल्या मिळाल्या, हेनान प्रांतात गोंगशियानच्या भट्ट्यांत बनलेल्या, निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांमधल्या आजपर्यंत सापडलेल्या सगळ्यात जुन्या अखंड ताटल्या. त्यावरची नक्षी चौकटीची आणि तिच्याभोवती पानांची, आणि ती चिनी वळणापेक्षा इराण-इराककडच्या आवडीला जवळची. त्याच सुमाराला बसऱ्यातले कुंभार चीनची पांढरी भांडी बघून झुरत होते, कारण त्यांच्याकडे तशी माती नव्हती. त्यांनी मग पिवळट मातीवर कथिलाची पांढरी झिलई चढवली आणि तिच्यावर कोबाल्टच्या निळ्यानं फुलं काढली. म्हणजे इराकचा कुंभार चीनची नक्कल करतोय, चीनचा कुंभार इराकला आवडेल ते काढतोय, आणि मधे हजारो मैल समुद्र. पुढे चौदाव्या शतकात जिंगदेझेनला जो निळा-पांढरा माल निघाला, जो आज जगात कुठेही चीनची ओळख म्हणून दाखवतात, त्यातला निळाही इराणकडून आलेल्या कोबाल्टचा. अमुक गोष्ट शुद्ध ह्याची आणि तमुक शुद्ध त्याची असं जे आपण छाती ठोकून बोलतो ना, ते ह्या ताटल्यांपुढे उभं राहून बोलता येत नाही.

आता जहाज. ते चिनी नव्हतं. ते पश्चिमेचं होतं, अरबी समुद्रात चालायचं तसलं, साधारण अठरा मीटर लांब, आणि त्यात लोखंडी खिळा एकही नाही. फळ्यांना भोकं पाडून त्या दोरीनं शिवलेल्या. लाकडात आफ्रिकेतलं लाकूड सापडलं. ओमाननं पुढे ह्याच जहाजावरून तसंच एक जहाज काथ्याच्या दोरीनं शिवून घेतलं, ‘ज्वेल ऑफ मस्कत’, आणि २०१० मध्ये ते मस्कतहून कोची, श्रीलंकेतलं गॉल असं करत सिंगापूरला वल्हवत-डोलत नाही तर खरोखर शिडावर पोचलं. काथ्या हा शब्द वाचला आणि मला आजोळ आठवलं. आईचं माहेर चौलचं. तिथे वाडीच्या कडेला खाजणात नारळाची सोडणं कुजत घातलेली असायची, त्याचा तो वास, गोडसर आणि घाण दोन्ही एकदम, मग ती बडवून त्याचा काथ्या आणि त्याचं सुंभ वळत बसलेल्या म्हाताऱ्या. मांडीवर तळहात फिरायचा आणि दोर लांबत जायचा. त्या वासाला सुट्टीत आलेली आम्ही पोरं नाक धरून पळायचो. ह्या असल्या दोरीवर विश्वास टाकून माणसं चीनला जाऊन येत होती. खिळा गंजतो, लाकूड फोडतो. दोरी ओली झाली की फुगते आणि फट घट्ट आवळते, खडकावर आपटलं तर जहाज थोडं लवतं. बेलितुंगच्या खडकावर मात्र ते लवणं पुरलं नाही.

चौलचा आणि ह्या गोष्टीचा संबंध फक्त वासाचा नाही. ८५१ साली अरबीत एक छोटं पुस्तक लिहिलं गेलं, ‘अखबार अल-सीन वल-हिंद’, चीन आणि हिंदच्या बातम्या, ह्याच समुद्रावर ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या. म्हणजे आपलं जहाज बुडाल्यानंतर वीसेक वर्षांनी. त्यात लिहिलंय की हिंद आणि चीनच्या लोकांच्या मते जगात मोठे राजे चार, अरबांचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा, म्हणजे बायझंटाईन, राजा आणि बल्हरा. बल्हरा म्हणजे राष्ट्रकूट! वेरूळचं कैलास ज्यांच्या घराण्यात कोरलं गेलं ते. जहाज बुडालं तेव्हा गादीवर अमोघवर्ष होता. आणि त्या पुस्तकात हेही आहे की अरबांवर बल्हराइतकी माया करणारा राजा दुसरा नाही. पुढे ९१६ मध्ये मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी सैमूरला आला. सैमूर म्हणजे चौल. त्यानं लिहून ठेवलं की इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, इराणच्या किनाऱ्यावरच्या सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे आणि इथेच जन्मलेले. ज्या वाडीत मी सोडणांचा वास आला म्हणून पळत होते तिथून हाकेच्या अंतरावर कधीतरी बगदादच्या उच्चारातली अरबी ऐकू येत होती. शाळेत आम्हाला चौल म्हणजे पोर्तुगीज आणि आंग्रे एवढंच सांगितलं. त्याच्याआधीची पाचशे-सहाशे वर्षं कुणी उघडूनच दाखवली नाहीत, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ह्या पुस्तकातला चीन वाचायला मोठी गंमत येते कारण लिहिणारे विद्वान नव्हते, धंदेवाले होते. त्यांना काय दिसतं? खानफू, म्हणजे ग्वांगझोऊ, तिथे घरं लाकडाची आणि वेताच्या तट्ट्यांची म्हणून सारख्या आगी लागतात. जहाज पोचलं की माल सरकार ताब्यात घेऊन कोठारात ठेवतं, त्या मोसमातलं शेवटचं जहाज येईपर्यंत, सहा-सहा महिने. मग दहातले तीन भाग जकात म्हणून कापून घेतात आणि उरलेला परत देतात. मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक माणूस सम्राटानं नेमलाय. लोक एक पाला गरम पाण्यात टाकून पितात, कडवट असतो, त्यावरही कर आहे. हा चहा, आणि चीनबाहेर त्याच्याबद्दल झालेल्या अगदी सुरुवातीच्या लिखाणातला हा एक उल्लेख. आणि मग भांडी. तिथे उत्तम माती मिळते, तिचे पेले काचेसारखे पातळ करतात, आतलं पाणी बाहेरून दिसतं आणि तरी ते मातीचेच असतात, असं त्यातला व्यापारी सांगतो. त्या वाक्यातलं आश्चर्य अजून ताजं आहे. सहा महिने कोठाराबाहेर ताटकळलेला, घरापासून वर्षभर लांब असलेला माणूस बाजारात एक पेला उजेडाकडे धरून बघतोय.

गॅलरीत सोनं पण आहे. एक आठकोनी पेला, त्यावर बाजूबाजूला वाजंत्री आणि नाचणारा, तांग घराण्याच्या, म्हणजे ह्याच काळातला, चीनबाहेर सापडलेला एवढा मोठा सोन्याचा पेला दुसरा नाही म्हणतात. गर्दी त्याच्यापाशी असते, फोटो त्याचे निघतात. पण माझे पाय वळले ते कोपऱ्यातल्या एका छोट्या काचेकडे. जहाजावरच्या माणसांच्या स्वतःच्या वस्तू तिथे होत्या. तराजू. शाईचा दगड. खेळायचे फासे. आणि एक पाटा-वरवंटा. आईनंच तो आधी बघितला. “बघ गं, वाटायचे जहाजावर,” म्हणाली, आणि वरवंट्याची एक बाजू जास्त झिजलीय का ते वाकून बघत राहिली, कारण तिच्या मते प्रत्येक बाईचा, आणि इथे बाप्याचा, वाटायचा हात वेगळा असतो. रांजणांमध्ये चक्रीफूल पण सापडलंय, आकार अजून ओळखू येतो. दक्षिण चीनच्या डोंगरातलं हे फूल आज आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे आणि कुणाला ते परकं वाटत नाही. त्या जहाजावर रात्री काय शिजत असेल, सोबत काय वाटलं जात असेल, मासा कुठला, तांदूळ कुठला, कोण कुणाच्या हातचं खात होतं, हे मला त्या सोन्याच्या पेल्यापेक्षा जास्त जवळचं वाटलं. फळ्या आफ्रिकेच्या, माल चीनचा, आणि खलाशी कुठले कुठले असतील, समुद्रावर एका वेळच्या जेवणाला बसणारे.

पण हे सगळं गोडगोडच होतं असं मी म्हणणार नाही. ७६० साली यांगझोऊमध्ये, एक बंड मोडायला आलेल्या सरकारी फौजेनंच हजारो अरब आणि इराणी व्यापारी कापून काढले. पैसा त्यांच्याकडे होता आणि ते परके होते, दोन्ही कारणं एका जागी आली. पुढे ८७८-७९ मध्ये हुआंग चाओ नावाच्या बंडखोरानं ग्वांगझोऊ घेतलं. सिराफच्या अबू झैदनं त्या ‘बातम्यां’ना नंतर पुरवणी जोडली, त्यात तो सांगतो की मुसलमान, ज्यू, ख्रिश्चन आणि पारशी मिळून एक लाख वीस हजार माणसं मारली गेली. आकडा कदाचित फुगलेला असेल, पण ह्या चार धर्मांची माणसं एका चिनी बंदरात एकत्र राहत होती आणि एकत्र मेली, हे त्या वाक्यातून पुसता येत नाही. तो पुढे म्हणतो की तुतीची झाडं तोडली आणि म्हणून रेशीम अरबांकडे येणं थांबलं. व्यापारी माणूस, त्याला प्रेतांनंतर लगेच झाडं आठवली. आधी मला हे वाचून राग आला होता. मग वाटलं, त्याचे ओळखीचे लोक तिथे असणार, आणि झाडांबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं गेलं असेल. त्यानंतर बरीच वर्षं इकडची जहाजं मलाय किनाऱ्यावरच्या कलाहपर्यंतच जायची आणि चीनची जहाजं तिथवर यायची, अर्ध्या वाटेत देवघेव.

आणि हे वाडगे आपल्यासमोर आले त्याचीही गोष्ट सरळ नाही. जहाज सापडलं ते १९९८ मध्ये, इंडोनेशियात दंगे उसळलेले, सरकार कोसळलेलं, लुटारू पाण्यात उतरायला लागलेले. सरकारनं एका खाजगी कंपनीला माल काढायचा परवाना दिला, तिनं दोन मोसमांत तो काढला, आणि २००५ मध्ये सिंगापूरनं सुमारे ३.२ कोटी अमेरिकन डॉलरला बहुतेक सगळा साठा विकत घेतला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये मोठं प्रदर्शन ठरलं होतं, ते पुरातत्त्व अभ्यासकांच्या विरोधामुळे २०११ मध्ये अडलं आणि शेवटी रद्द झालं. त्यांचं म्हणणं असं की विकण्यासाठी घाईनं खणलेल्या जागेतलं अर्धं ज्ञान वाळूतच हरवतं, आणि असा माल मोठ्या संस्थेनं मिरवला की पुढचा लुटारू शिरजोर होतो. मला त्यांचं पटतं. आणि त्याच वेळी, परवाना नसता तर हे वाडगे एकेक करून बाजारात फुटकळ विकले गेले असते, हेही दिसतं. साठ हजार वस्तू एकत्र राहिल्या म्हणूनच त्या इतकं बोलतात. पण फळ्यांचं, दोरीचं, खलाशांच्या उरल्यासुरल्या गोष्टींचं काय काय नीट नोंदलं गेलं नाही, ते आता कधीच कळणार नाही, आणि माझ्यासारखीला तर नेमकं तेच हवं होतं.

आईचं वाक्य ह्या सगळ्यातून फिरून परत माझ्यापाशी येत राहिलं. तिच्या घरात भांडं शोभेसाठी ठेवलेलं नव्हतंच कधी. नवं पातेलं आणलं की पहिल्यांदा त्यात दूध किंवा गोडाचं काही झालं पाहिजे, तोवर ते घरचं नाही. त्या हिशेबानं गॅलरीतला एकही वाडगा कुणाचाच झाला नाही. रात्री भावाच्या घरी मी तिला म्हटलं की अगं आई, बुडाले म्हणून तर टिकले, पोचले असते तर वापरून वापरून फुटले असते. ती म्हणाली, “मग फुटायलाच पाहिजे होते.” आणि मग मी फुटलेल्यांच्या मागे लागले.

ते आहेत, भरपूर आहेत. इराणच्या किनाऱ्यावर सिराफमध्ये ब्रिटिश अभ्यासकांनी १९६६ ते ७३ मध्ये खोदकाम केलं, तिथे चांगशाच्या ह्याच वाडग्यांची खापरं निघाली. श्रीलंकेत मांताईला निघाली. इराकमध्ये सामर्‍याला, खलिफांच्या राजधानीत, चीनची पांढरी आणि हिरवी खापरं शंभर वर्षांपूर्वीच सापडली होती. म्हणजे ह्या जहाजाच्या आधी आणि नंतर किती जहाजं सुखरूप पोचली! त्यांची नावं नाहीत, त्यांच्यावर गॅलरी नाही, त्यांच्या मालात लोक जेवले, कानवडे ठेवले, काठ उडाले, पोरांनी पाडले, उकिरड्यावर गेले. इतिहासाला ते तुकड्यातुकड्यांनी सापडतात आणि तुकडा काचेच्या पेटीत ठेवला की लोक अर्ध्या मिनिटात पुढे जातात. मला वाटतं त्या तुकड्यांना जास्त जागा मिळायला हवी, आणि जिथे जिथे काठ झिजलाय तिथे एक छोटा दिवा.

आपल्याकडेही आहेत. संजाणला, पालघरच्या पलीकडे गुजरातच्या हद्दीत लगेच, २००२ ते २००४ मध्ये उत्खनन झालं, तिथे इराण-इराकच्या निळसर-हिरव्या झिलईच्या भांड्यांसोबत चिनी भांड्यांची खापरंही मिळाली. आणि संजाणच्या अलीकडे, आपल्या डहाणूजवळच्या चिंचणीला राष्ट्रकूटांचा एक ताम्रपट सापडलाय, शके ८४८ चा, म्हणजे ९२६ चा, तिसऱ्या इंद्राच्या काळातला. त्यावरून कळतं की संजाण मंडळाचा कारभार राष्ट्रकूटांनी एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे दिला होता. त्याचं नाव ताम्रपटात मधुमती असं येतं, मूळ मुहम्मद. त्यानं आसपासची बंदरं ताब्यात आणली, तिथे आपली माणसं नेमली, आणि त्याच्या कारभारात एका ब्राह्मणानं बांधलेल्या देवीच्या मठिकेला दान दिलं गेलं, तोच ह्या ताम्रपटाचा विषय.

त्यात मधुमतीच्या आणखी दोन कामांची नोंद आहे. दोन नद्यांवर त्यानं पलीकडे नेणारी फुकट नाव सुरू केली, कुणाकडूनही उतारूचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि संजाणला अन्नछत्र घातलं, येणाऱ्याजाणाऱ्याला साळीच्या तांदळाचा भात, कालवण आणि तूप, मोफत. आईला फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा तिनं पहिलं विचारलं ते कालवण कशाचं.